तुटक वेळेत विणलेली तार : रूथ असावा यांच्या घराचा प्रकरण अभ्यास

घरी राहून कलानिर्मिती करणाऱ्या व्यक्तीची अडचण बहुतेक वेळा ‘वेळ मिळत नाही’ एवढ्या तीन शब्दांत सांगितली जाते, आणि मग उपायही वेळेचेच सुचवले जातात: पहाटे उठावे, मुले शाळेत गेली की कामाला बसावे, दार लावून घ्यावे. अमेरिकेतील शिल्पकार रूथ असावा (१९२६–२०१३) यांचे उदाहरण या चर्चेत नेहमी येते, कारण १९५० ते १९५९ या काळात सहा मुलांची आई झालेल्या या बाईंनी त्याच काळात आपले सर्वांत महत्त्वाचे काम उभे केले, आणि तेही राहत्या घरात. हे उदाहरण सांगण्याची रूढ पद्धत मात्र मला पटत नाही. तिच्यात असावा यांची दशभुजा देवी होते, आणि दशभुजेकडून शिकण्यासारखे काही उरत नाही, तिला फक्त हात जोडता येतात. त्यांच्या घरात वेळ कमी होता हे खरेच. पण जो होता तो सलग नव्हता, आणि माझ्या मते खरी अडचण तीच होती. तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या वेळात तग धरील असे काम त्यांच्या हाती कसे आले, त्याने त्यांना काय मिळवून दिले आणि त्याची किंमत कोणत्या रूपात चुकवावी लागली, एवढ्यापुरताच हा अभ्यास मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

असावा यांचा जन्म कॅलिफोर्नियातील नॉरवॉक येथे, जपानहून आलेल्या एका शेतकरी दांपत्याच्या पोटी झाला. भावंडे सात, शेत भाज्यांचे, आणि शाळेपूर्वी व शाळेनंतर मुलांनी शेतात राबायचे हे गृहीतच होते. जमीन सपाट करण्याच्या, घोड्याने ओढायच्या अवजारावर मागे बसून पायाच्या अंगठ्यांनी मातीत नागमोडी रेघा ओढत जाण्याची आठवण त्या पुढे आयुष्यभर सांगत. आपल्या शिल्पांतले आकार तिथून आले असे त्यांचे म्हणणे होते. कलावंतांच्या अशा आठवणींवर किती भार टाकावा याविषयी मी थोडी साशंक असते, पण या आठवणीतला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ते चित्र शेतीचे काम चालू असताना, त्या कामाच्याच अंगाने उमटत होते. त्यासाठी वेगळी सुट्टी काढावी लागली नव्हती.

१९४२ साली अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबले. वडिलांना त्याआधीच, फेब्रुवारीत, अटक झाली होती आणि पुढे कित्येक वर्षे त्यांची भेट झाली नाही. बाकीच्या कुटुंबाला प्रथम सांता अनिता येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यांत ठेवण्यात आले. तिथे कोंडलेल्यांमध्ये डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले काही चित्रकार होते. ते मुलांना चित्रकला शिकवू लागले आणि सोळा वर्षांच्या रूथला शेतकामाच्या धबडग्यात कधी न मिळालेला मोकळा वेळ तिथे, बंदिवासात, मिळाला. नंतर आर्कान्सामधील रोवर छावणीत शालेय शिक्षण पूर्ण करून त्या चित्रकला-शिक्षिका होण्यासाठी मिलवॉकीच्या महाविद्यालयात गेल्या. पदवीसाठी एखाद्या शाळेत प्रत्यक्ष अध्यापन करणे आवश्यक होते, आणि जपानी नावाच्या मुलीला वर्गावर पाठवायला त्या काळात कोणी तयार होईना. पदवी हातची गेली. १९४६ मध्ये त्या नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात दाखल झाल्या.

या महाविद्यालयाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण पुढील घराची रीत इथे घडली. जर्मनीतील बाउहाउस ही कला आणि वास्तुरचनेची प्रसिद्ध शाळा बंद पडल्यावर अमेरिकेत आलेले योझेफ आल्बर्स तिथे शिकवत होते. विद्यार्थ्याच्या भावनांपेक्षा त्याच्या हातातील पदार्थाचा स्वभाव त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे: हा कागद कसा वाकतो, ही तार कुठवर ताण सोसते, कमीत कमी साधनांत काय होऊ शकते. शिवाय या संस्थेत विद्यार्थ्यांना शेत, स्वयंपाकघर आणि धुलाईची कामेही वाटून दिलेली असत. असावा यांच्या वाट्याला धुलाईखाना आला, तेव्हा चादरींवर उमटवायचा महाविद्यालयाच्या आद्याक्षरांचा रबरी शिक्का उचलून त्यांनी त्याच्याच ठशांतून एक लयबद्ध चित्र रचले. हे चित्र आज त्यांच्या महत्त्वाच्या आरंभीच्या कामांत धरले जाते. घरकाम एका बाजूला आणि कला दुसऱ्या बाजूला ही मांडणी त्यांच्या शिक्षणातच नव्हती, हे या प्रकरणात विसरून चालणार नाही.

१९४७ च्या उन्हाळ्यात त्या मेक्सिकोत गेल्या असताना तोलुका या गावी त्यांना अंडी ठेवण्याच्या तारेच्या टोपल्या दिसल्या, आणि त्या विणण्याची पद्धत त्यांनी तिथल्या एका कारागिराकडून शिकून घेतली. १९४९ मध्ये, महाविद्यालयात भेटलेल्या ॲल्बर्ट लेनियर या वास्तुविशारदाशी त्यांचा सॅन फ्रान्सिस्कोत विवाह झाला. कॅलिफोर्नियात वेगळ्या वंशाच्या व्यक्तींच्या विवाहावरील बंदी न्यायालयाने आदल्याच वर्षी उठवली होती. पुढील दहा वर्षांत घरात सहा मुले आली. त्यांपैकी दोन दत्तक होती.

पेच

यानंतरची परिस्थिती कोणत्याही घरातली आहे. घरात सहा मुलांपैकी कोणी ना कोणी नेहमी पाच वर्षांच्या आतले. नवरा व्यवसायात जम बसवू पाहणारा, पैसा बेताचा. बाई मात्र देशातल्या नामांकित कलाशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेली, आणि काम थांबवण्याचा तिचा कोणताही विचार नसलेला.

अशा घरात वेळ कसा मिळतो याचा हिशेब मिनिटांत केला तर फसगत होते. आपल्या देशात २०१९ साली झालेल्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचे ९७ मिनिटे खर्च होतात असे दिसले. हे आकडे पुष्कळ सांगतात, तरीही त्यात एक गोष्ट दिसत नाही. सर्वेक्षण दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडून नोंद घेते. उरलेला वेळ किती ठिकाणी फुटलेला असतो, हे अशा बेरजेत येऊ शकत नाही. तीन तास मोकळे मिळाले आणि त्यांचे दहा-दहा मिनिटांचे अठरा तुकडे पडले, तर बेरीज तीन तासच राहते, पण त्या तीन तासांत तैलचित्र होत नाही, प्लॅस्टरचा साचा ओतता येत नाही आणि चाकावर घेतलेला मातीचा गोळा तसाच सोडून उठता येत नाही. दर वेळी काम पुन्हा सुरू करताना आधीच्या मनःस्थितीत परतायला जो वेळ जातो, तो तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून असावा यांच्या घरातला पेच असा मांडता येईल: कोणत्याही क्षणी, आगाऊ सूचना न मिळता, हातातून खाली ठेवावे लागेल आणि तरीही बिघडणार नाही, असे काम कोणते?

तारेची रीत

तोलुकाच्या टोपलीची वीण साधी आहे. लाकडी दांडीभोवती तार गुंडाळून एकसारख्या कड्यांची रांग तयार करायची. त्यानंतरची प्रत्येक कडी आधीच्या रांगेतल्या कडीत अडकवत पुढे जायचे. कड्या वाढवल्या की आकार फुगतो, कमी केल्या की आवळत जातो. सुई नाही, जोडकाम नाही, भट्टी नाही. असावा यांनी या विणीतून टोपली सोडून दिली आणि गोलाकारांवर गोलाकार असलेली, छताला टांगलेली, कधीकधी माणसाहून उंच शिल्पे घडवली. त्यांतल्या काही शिल्पांत आतला गोल बाहेरच्या गोलात दिसतो, आणि नीट पाहिले तर लक्षात येते की दोन्ही एकाच अखंड पृष्ठाचे भाग आहेत. जे आत होते तेच वळून बाहेर आले आहे. तार लोखंडाची, तांब्याची, पितळेची. सगळे आरपार दिसते आणि वजन जेमतेम, त्यामुळे वाऱ्याच्या झुळकीनेही शिल्प हलते आणि भिंतीवर पडलेली त्याची सावलीही हलते.

या रीतीचे कौतुक सामान्यतः तिच्या सौंदर्यासाठी होते. घरातल्या परिस्थितीच्या नजरेने पाहिले तर तिचे काही वेगळेच गुण समोर येतात. बाळ रडले म्हणून उठलेली बाई अर्ध्या तासाने परतली, तर शेवटची कडी जशी होती तशीच असते. काही वाळत नाही, घट्ट होत नाही, रंग उडत नाही. कुठवर आलो हे आठवायचीही गरज नसते, कारण काम स्वतःच ते दाखवते. उग्र वास नाही, धूळ नाही, आणि दहा मिनिटांत पंधरा-वीस कड्या झाल्या तरी त्या झालेल्याच असतात. त्यातही मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बाब अशी, की या कामातले निर्णय दोन जातींचे आहेत. आकार कुठे फुगवायचा आणि कुठे आवळायचा हा निर्णय डोके शांत असताना घ्यावा लागतो. पण तो एकदा घेतल्यावर पुढच्या शेकडो कड्या हात घालत राहतो आणि डोळे मुलांवर असू शकतात. विचाराचे काम आणि हाताचे काम वेगळे काढता आले, म्हणून दिवसाचे तुटके तुकडे हाताला मिळाले आणि मुले झोपल्यानंतरची रात्र विचाराला मिळाली.

जागेचा प्रश्नही त्याच रीतीने सुटला. जमिनीवर ठेवलेले शिल्प रांगत्या मुलाच्या वाटेत येते. असावा यांची शिल्पे वाशांना टांगलेली असत, आणि त्यांच्याखाली घर चालू राही. अर्थात काम फार सुखाचे होते असे समजू नये. तार बोटे कापते; त्या बोटांना पट्ट्या गुंडाळून काम करत.

त्या स्वतः याविषयी फारशा तत्त्वज्ञानात शिरत नसत. साधने साधी होती, मोकळा क्षण मिळाला की बसून थोडे करत असे, आणि शिल्पकाम शेतीसारखे आहे, नेटाने करत राहिले की बरेच काही हातून होते, अशा आशयाचे त्यांचे एक वाक्य प्रसिद्ध आहे. भाजीच्या मळ्यात वाढलेल्या बाईच्या तोंडी ही उपमा नुसती शोभेची नव्हती. रोजच्या थोड्या मशागतीचा हिशेब तिने लहानपणी पाहिलेला होता.

छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम या त्यांच्याहून चाळीसेक वर्षांनी मोठ्या होत्या, आणि दोघींची मैत्री १९५० पासूनची. कनिंगहॅम यांनीही १९२० च्या दशकात, तीन लहान मुले पदरी असताना, घरच्या बागेतली फुले आणि झाडे जवळून टिपायला सुरुवात केली होती, कारण बाहेर पडणे शक्य नव्हते. त्यांच्या मॅग्नोलियाच्या छायाचित्रांना आज आधुनिक छायाचित्रणात मोठे स्थान आहे. १९५७ साली त्यांनी असावा यांच्या घरात घेतलेले एक छायाचित्र या प्रकरणातला उत्तम पुरावा आहे. आई खाली बसून तारेचे काम करते आहे, आजूबाजूला चार मुले आपापल्या उद्योगात आहेत, एकाच्या तोंडात दुधाची बाटली आहे, आणि वर-खाली सगळीकडे शिल्पे आहेत. या छायाचित्रात आई मुलांकडे पाहत नाही आणि मुले आईकडे पाहत नाहीत, तरीही कोणी कोणाला टाळत आहे असे वाटत नाही. काम लपवलेले नव्हते. ते घराच्या मधोमध, रोजच्या वावरात होते. आई जे करते ते काम आहे हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नसणार.

नवरा, घर आणि दार

लेनियर यांच्याविषयी लिखाणात फार कमी येते, आणि ही या प्रकरणाच्या नोंदींतली मोठी उणीव आहे. ते वास्तुविशारद होते, घराची दुरुस्ती आणि रचना त्यांच्या हातची होती. १९६० च्या सुमारास कुटुंबाने नोए व्हॅली भागात घर घेतले. तिथल्या रेडवूड लाकडाच्या भल्या मोठ्या दारांवर आई, वडील आणि मुलांनी मिळून नागमोडी नक्षी कोरली. शेतात पायाच्या अंगठ्याने काढलेल्या रेघांशी या नक्षीचे साम्य समीक्षकांनी दाखवून दिले आहे, पण माझे लक्ष जाते ते या गोष्टीकडे, की घरातल्या सगळ्यांचा हात लागलेली ही वस्तू घराचे दारच होती. घरी काम करणाऱ्या कलावंताला ‘दार लावून बस’ असा सल्ला मिळतो. या घरात दारच सामायिक काम झाले.

एवढ्यावरून नवरा-बायकोत घरकामाची वाटणी समसमान होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत ती तशी असण्याची शक्यता कमी, आणि रात्री जागून काम करणारी व्यक्ती आई होती, हे सगळेच सांगतात. एवढे मात्र म्हणता येते की बायकोचे काम हा घराचा हक्काचा भाग आहे याविषयी त्या घरात वाद नव्हता. पुष्कळ घरांत अडते ते नेमके इथे. घरच्यांच्या लेखी तो ‘छंद’ असतो, आणि छंदाला पाहुणे आले म्हणून उचलून माळ्यावर ठेवता येते.

किंमत

न्यू यॉर्कच्या पेरिडॉट गॅलरीत असावा यांची एकल प्रदर्शने १९५४, १९५६ आणि १९५८ मध्ये झाली. १९५५ च्या, ब्राझीलमधील साओ पाउलो द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांचे काम होते. न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या वार्षिक प्रदर्शनांतही ते गेले. हीच वर्षे घरात लहान मुले असण्याची आहेत. बाहेरून पाहता याहून चांगले यश ते काय असणार? तरीही त्या काळच्या परीक्षणांत एक सूर पुन्हा पुन्हा येतो. विणकाम, हस्तकला, शोभेची वस्तू, गृहिणी, पौर्वात्य नाजूकपणा. जी रीत घरात चालणारी होती, तीच रीत घरगुती दिसत होती, आणि घरगुती दिसणाऱ्या गोष्टीला शिल्प म्हणायला त्या काळचे समीक्षक सहजी तयार नव्हते. पोलाद जोडून केलेले काम शिल्प, आणि तार विणून केलेले काम विणकाम, हा भेद पदार्थाचा नव्हता. दोन्हीकडे धातूच आहे. जोडकामाला कार्यशाळा लागते आणि विणकामाला मांडी, एवढाच तो भेद होता.

म्हणजे ज्या गुणाने पेच सुटला, त्याच गुणाची किंमत प्रतिष्ठेच्या रूपात द्यावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात १९६० साली त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, पण न्यू यॉर्कच्या गॅलरीशी नाते त्यानंतर टिकले नाही, आणि पुढील कित्येक दशके त्यांची ओळख आपल्या शहरापुरती राहिली. त्यांच्या शिल्पांना लिलावात दशलक्षांच्या घरात डॉलर मिळू लागले ते २०१३ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी. टपाल खात्याची तिकिटे २०२० ची आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयातले मोठे सिंहावलोकन २०२५ चे आहे. घर आणि कला यांचा मेळ घातलेल्या स्त्रीचे गोडवे गाताना हा चाळीस-पन्नास वर्षांचा उशीर बहुधा सांगायचा राहून जातो.

एका वनस्पतीची अडचण आणि १९६५

तारेच्या विणीवरच सारे थांबले असते तर हे प्रकरण सोपे झाले असते. १९६२ साली एका मित्राने डेथ व्हॅलीच्या वाळवंटातून एक वाळलेली वनस्पती आणून दिली आणि ती चितारायला बसल्यावर तिच्या फांद्यांच्या गुंत्यात चित्र काही उतरेना. तेव्हा त्यांनी तारांची जुडी मध्यभागी बांधून, तिच्या टोकांचे दोन, पुन्हा प्रत्येकाचे दोन असे फाटे काढत वनस्पतीची वाढच तारेत करून पाहिली. यातून बांधीव तारेच्या शिल्पांची दुसरी मालिका सुरू झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की नवी रीतही त्याच जातीची आहे: एक फाटा झाला की उठता येते.

१९६५ मध्ये मात्र त्यांनी वेगळे पाऊल उचलले. लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड शिळाछाप कार्यशाळेत त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि दोन महिने घराबाहेर राहून त्यांनी ५४ शिळाछाप केले. ही संख्या थक्क करणारी आहे, आणि ती घरी झाली नाही. शिळाछापात दगडावर तेलकट शाईने रेखाटन होते, मग त्यावर आम्लाची प्रक्रिया होते, आणि कसबी छापणारे पुढील काम करतात. या साखळीतला एकही टप्पा बाळाच्या रडण्यासाठी थांबत नाही. धाकटे मूल तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. या दोन महिन्यांचा उल्लेख चरित्रांत मोठ्या अभिमानाने येतो, पण बहुतेक ठिकाणी तो पुरस्कारांच्या यादीतला एक टप्पा म्हणून. माझ्या वाचनात हा या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील आहे. ज्या बाईने तुटक वेळात टिकणारी रीत सर्वांत चांगली आत्मसात केली होती, तिलाही सलग वेळ मिळाला तेव्हा तिने तो घेतला, आणि दोन महिन्यांत असे काम केले जे घरी दहा वर्षांतही झाले नसते. तुटक वेळेशी जुळवून घेणे ही त्यांची आवड होती असे जे सुचवले जाते, त्याला या ५४ कागदांचे उत्तर पुरेसे आहे.

घरातून बाहेर

मुले मोठी होऊ लागली तशी रीत पुन्हा बदलली. मुलांच्याच शाळेत, अल्वाराडो प्राथमिक शाळेत, १९६८ साली त्यांनी वास्तुकलेच्या अभ्यासक सॅली वुडब्रिज आणि इतर पालकांसह कला कार्यशाळा सुरू केली. शाळांत चालणाऱ्या कलेच्या तासाचा दर्जा त्यांना पसंत नव्हता; जिवंत कलावंतांनी वर्गात येऊन शिकवावे असा त्यांचा आग्रह होता. साहित्य स्वयंपाकघरातले: दुधाची रिकामी खोकी, लोकरीचे तुकडे, आणि मैदा, मीठ व पाणी मळून केलेला गोळा. हा गोळा त्यांनी घरी मुलांना खेळायला देण्यासाठी मळायला सुरुवात केली होती, आणि १९७३ मध्ये युनियन स्क्वेअरजवळ बसवलेल्या कारंज्यासाठी शहरातल्या दोनशेहून अधिक लहानथोरांनी याच पिठाने सॅन फ्रान्सिस्कोची घरे, पूल, माणसे घडवली. ती मग कांस्यात ओतली गेली. पिठाचा गोळा अर्धवट सोडून उठता येते आणि तो पाच वर्षांच्या मुलालाही जमतो, हे दोन्ही गुण इथे सार्वजनिक कामाला आले.

त्याआधी १९६८ मध्ये गिरार्डेली स्क्वेअरमध्ये बसवलेल्या त्यांच्या कारंज्यात बाळाला पाजणारी जलपरी होती. नुकत्याच बाळंत झालेल्या एका शेजारणीने तिच्यासाठी बैठक दिली होती. चौकाची आखणी करणारे प्रसिद्ध भूरचनाकार लॉरेन्स हाल्प्रिन यांना तिथे अमूर्त शिल्प हवे होते आणि त्यांनी जाहीर विरोध केला. लोकांनी मात्र जलपरीची बाजू घेतली आणि ती आजही तिथेच आहे. अंगावर पाजणारी आई ही शहराच्या चौकात मांडण्याजोगी गोष्ट आहे का, असा तो वाद होता, आणि दहा वर्षांपूर्वी समीक्षकांनी ‘घरगुती’ म्हणून बाजूला ठेवलेली बाई आता त्याच विषयासाठी चौकात भांडत होती.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे प्लॅस्टरने साचे काढून त्यांतून मातीचे मुखवटे करायचे, ही आणखी एक सवय याच काळात लागली. ते घराच्या बाहेरच्या भिंतीवर लागत. त्यांपैकी २३३ मुखवटे आज स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. पाहुण्यांमुळे काम राहिले, ही घरी काम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार. इथे पाहुणाच कामात घेतला गेला.

इतरांना काय लागू पडते

या प्रकरणातून नियम काढण्याचा मोह टाळला पाहिजे. असावा यांच्याजवळ स्वतःचे घर होते, कामाला मान देणारा नवरा होता, ब्लॅक माउंटनमधून मिळालेली माणसे होती, आणि कमी झोपेवर चालणारे शरीरही होते. १९८५ मध्ये त्यांना ल्युपस या दीर्घकालीन आजाराने गाठले, तेव्हा त्या शरीराच्या मर्यादाही दिसल्या. शिवाय तारेची वीण त्यांनी मुलांसाठी निवडली असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ती १९४७ मध्येच त्यांच्या हाती आली होती आणि पहिले मूल त्यानंतर तीन वर्षांनी आले. ती घराशी जुळली हा काही अंशी योग, आणि जुळते आहे हे ओळखून ती न सोडणे हा त्यांचा निर्णय.

लागू पडण्याजोगी गोष्ट माझ्या मते एकच आहे, आणि तीही मर्यादित. आपल्या कामाचे टप्पे ‘हे सोडून उठता येते का’ या प्रश्नाने वेगळे करून पाहता येतात. कथाचित्रे काढणाऱ्या व्यक्तीला शाईने रेघा भरणे, ठिपके देणे, कडा रंगवणे ही कामे गॅसवर कुकर असताना करता येतात. पण जलरंगाचा ओला वॉश एकदा कागदावर टाकला की तो वाळेपर्यंतची मिनिटे पूर्णपणे त्याचीच असतात, आणि त्या मिनिटांत दाराची घंटा वाजली तर कागदावर डाग पडतो. भरतकाम, गोधडीचे टाके, लिनोची कोरणी यांत सोडून उठता येणारा भाग मोठा आहे. चाकावरची माती, गाण्याचा रियाज, प्लॅस्टर, शिळाछाप यांत तो फार लहान आहे, आणि ज्यांची कला या दुसऱ्या गटात मोडते त्यांना १९५७ च्या त्या छायाचित्राचा दाखला देऊन ‘बघा, तिने सहा मुलांत केले’ असे सांगणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी या प्रकरणातला उपयोगी दाखला १९६५ चा आहे: दोन महिने, दुसरे शहर, आणि ते दोन महिने देऊ करणारी एक शिष्यवृत्ती. अशा शिष्यवृत्त्या आपल्याकडे किती आहेत, त्यांतल्या किती लहान मुलांच्या आईला अर्ज करता येईल अशा अटींवर दिल्या जातात, आणि आई दोन महिने नसताना घर कोण चालवणार हे घरात कोणी आणि केव्हा ठरवायचे, हे प्रश्न कलावंताच्या चिकाटीने सुटणारे नाहीत. ते संस्थांना आणि घरातल्या इतर माणसांना विचारायचे आहेत.